पाच सेकंदांचं वाक्य

रुग्णवाहिकेतलं श्वासाचं यंत्र बंद पडलं, तेव्हा पुढे रस्त्यात एक ट्रक आडवा झाला होता आणि मागे गाड्यांची रांग लागली होती. मोठं हॉस्पिटल अजून दोन किलोमीटरवर. सिस्टरनं यंत्राची नळी काढली, स्ट्रेचरवरच्या म्हातारीच्या तोंडातल्या नळीला रबरी फुगा जोडला आणि तो हातानं दाबायला लागली.

"मुंगी शिरायला जागा नाही, सिस्टर!" ड्रायव्हर पुढून ओरडला.

"मग तो हॉर्न तरी बंद करा. कान किटले."

म्हातारीचा मुलगा समोर पाय आखडून बसला होता. चाळिशी उलटलेला माणूस, पण चेहरा पार उतरलेला. "जरा भराभर दाबा ना!"

"भराभर दाबलं तर आत गेलेली हवा बाहेर पडत नाही, दादा. पाच सेकंदांनी एकदाच."

प्रत्येक दाबाआधी ती काहीतरी पुटपुटत होती. त्यानं कान दिला. "ख्रिस्ता, हे तुझं लेकरू, तुझ्या हाती." मग दाब.

"अहो, आकडे मोजा की! माझ्या आईचा जीव आहे हा."

"तीस वर्षांत आकडेही मोजून पाहिलेत. मी घाबरले की तेही पळत सुटतात. त्याच्याशी बोलताना घाई करवत नाही."

त्याला संताप आला. असल्या वेळी देवाचं नाव घेणाऱ्यांचा त्याला नेहमीच यायचा. पण करतो काय? हात तिचे होते.

वीस मिनिटं गेली. ट्रक जागचा हलेना. सिस्टरचा अंगठा आखडला, तिनं हात बदलला, तर दुसराही भरून आला. स्क्रीनवरचा ऑक्सिजनचा आकडा नव्वदच्या खाली आला आणि ती घाबरली. खरंच घाबरली. वाक्य तुटायला लागलं. "लेकरू, तुझ्या हाती, तुझ्या हाती..." म्हातारीची छाती खाली बसायच्या आत पुन्हा दाब, पुन्हा दाब.

मुलाला ते दिसलं. तो गुडघ्यांवर पुढे सरकला. तिच्या बोटांवर त्यानं आपला पंजा ठेवला आणि सावकाश म्हणाला, "ख्रिस्ता... हे तुझं लेकरू... तुझ्या हाती."

मग दाब.

सिस्टरचे खांदे खाली आले. बोटं तशीच ठेवून तिनं दाबायचा जोर तेवढा त्याच्या पंजावर सोडून दिला आणि त्याच्या मागोमाग म्हणायला लागली. छाती वर, छाती खाली. नव्वद. थोड्या वेळानं ब्याण्णव. कधीतरी ट्रक हलला, ते दोघांनाही कळलं नाही.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी स्ट्रेचर आत नेलं आणि दार लावून घेतलं. सिस्टर बाहेरच्या बाकावर टेकली, चपला काढल्या, डोकं भिंतीला लावलं. त्याला मात्र बसवेना.

"वाचेल ना ती?"

"माहीत नाही, दादा."

"मग तुम्ही इतक्या निवांत कशा?"

"ती माझ्या हातात नव्हतीच. असती, तर हे हात दहाव्या मिनिटालाच गळाले असते."

एवढं बोलून ती चक्क झोपली. घोरायलाही लागली.

तो बंद दाराकडे बघत राहिला. मग तिच्या शेजारी बसला. ओठ हलले. "ख्रिस्ता, हे तुझं लेकरू..." आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्यानं स्वतः छातीभर श्वास घेतला.