चांगला कान

"वयनी, रात्रपाळी करून आला की मिथुनजवळ पोर ठेवू नका. झोपेत त्याला काय ऐकू येत नाय," असं शुक्रा म्हणाला होता तेव्हा वर्षा हसली होती. शुक्रा तिच्या नवऱ्याबरोबरच खिळ्यांच्या कारखान्यात, शेजारच्या मशीनवर. पोर रडलं की सगळ्याच बापांचे कान जातात भावजी, असं म्हणत तिनं त्याच्यापुढे चहा ठेवला होता.

आज वेवजीच्या नाक्यावरून तापाचं औषध घेऊन ती पाड्याकडे वळली, तेव्हा तिला लांबूनच भाविकचं रडणं ऐकू आलं. अजून नीट बसताही न येणारं पोर, त्यात अंगात ताप. एवढ्या उन्हात कुठे न्यायचं म्हणून तिनं त्याला झोळीत निजवलं होतं आणि मिथुनला खाट झोळीला लावून घ्यायला सांगितली होती. रिक्षा भरेपर्यंत तिला नाक्यावर थांबावं लागलं होतं. हे रडणं भुकेचं नव्हतं. घोगरं, तुटक, मध्येच अडकणारं.

पाडा चिडीचूप होता. इथले निम्मे पुरुष राज्याच्या सीमेपलीकडच्या कारखान्यांत रात्री राबतात आणि दुपारी झोपतात. त्या वेळात बायका भांडीसुद्धा हळू ठेवतात, कोणी कोणाचं दार वाजवत नाही. शेजारची सोनीबाई ओट्यावर वाल सोलत बसली होती. कधीपासून रडतोय, वर्षानं चालता चालताच विचारलं.

"मघापासून. बाप हाय ना आत," सोनीबाई हलक्या आवाजात म्हणाली. "त्याची झोप मोडंल म्हणून नाय गेली मी."

दाराला आतून कडी. कुत्रं शिरतं म्हणून घालून घे, असं वर्षानंच सांगितलं होतं. तिनं दार थापटलं, मुठींनी बडवलं, शेवटी दगड घेतला. मिथुनला हाका मारून मारून घसा सुकला. आतून फक्त पोराचं रडणं आणि टेबल पंख्याचा खडखडाट. तो पंखा मिथुनला थंडीतही लागायचा. घर शांत झालं की त्याच्या कानात मशीन सुरू व्हायचं, मग तो कुशी बदलत पडून राहायचा.

रडणं थांबलं.

वर्षा घराला वळसा घालून मागे धावली. पडवीतला कोयता उचलून तिनं कुडाच्या भिंतीवर घातला. शेणमाती ढासळली, कारवीच्या काठ्या कडाकड मोडल्या. सोनीबाई मागोमाग आली आणि दोन्ही हातांनी काठ्या ओढू लागली. भगदाडातून वर्षा आत घुसली तेव्हा तिच्या दंडाची साल निघाली, ते तिला कळलंही नाही.

भाविक झोळीबाहेर उलटा लोंबकळत होता. एक पाय साडीच्या पिळात अडकलेला, डोकं खाली, तोंड जांभळं. तिनं त्याला उचलून धरलं, सोनीबाईनं पाय सोडवला. वर्षानं पाठ चोळली. पुन्हा चोळली. पोरानं उलटी केली, श्वास ओढला आणि टाहो फोडला.

मिथुन हातभर अंतरावर झोपला होता. उजव्या कुशीवर, कान उशीत रुतलेला, तोंड उघडं.

तिनं खांदा धरून त्याला गदागदा हलवलं. तो उठून बसला. फुटक्या भिंतीतून आलेल्या उन्हाकडे बघत राहिला, मग पोराकडे, मग तिच्या ओठांकडे. काय झालं ते तिनं सांगितलं. पुन्हा सांगावं लागलं. ऐकता ऐकता तो खाटेवरून खाली जमिनीवर बसला.

"डावा तर कधीच गेला," तो म्हणाला, नेहमीसारखाच मोठ्यानं. "उजव्यात जरा येतं. डोळा लागायला आला की तो दाबून घेतो मी. नायतर जरा खुट्ट झालं की जाग येते."

वर्षाच्या तोंडून हुंदका फुटला. तशी सोनीबाईनं ओठांवर बोट ठेवलं आणि भगदाडातून आपल्या घराकडे बघितलं.

"हळू बाय. माझा मनिषबी रातपाळी करून झोपलाय."

तुमच्याही शेजारी भर दुपारी असं एखादं दार बंद असेल आणि आत पोर रडत असेल, तर बाप आहे म्हणून बसून राहू नका. झोप मोडली तर मोडू दे त्याची. जाऊन बघा.