भरलेल्या नळ्या

प्रणालीचं बाळ बारशाच्या आधीच गेलं, पण दूध येतच राहिलं. छातीत गाठी झाल्या, ताप भरला. शेवटी तिची आई इंदूबाई तिला दिग्रसला डॉक्टर अकीलांकडे घेऊन आली.

अकीलांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर दाखवलं. झाडाच्या मुळ्यांसारख्या बारीक नळ्या दूध घेऊन एका टोकाशी येत होत्या. सगळ्या तुंबल्या होत्या.

"या नळ्यांभोवती आवळणाऱ्या पेशी असतात," अकीला म्हणाल्या. "बाळ ओढायला लागलं की त्या आवळतात आणि दूध बाहेर येतं. आता प्यायला कोणी नाही, म्हणून ते साचलं. हळूहळू आटेल." त्यांनी दूध आटण्याच्या गोळ्या दिल्या.

पुढच्या खेपेला प्रणाली आली तेव्हा तिच्या गाठी विरघळल्या होत्या. तापही नव्हता. पण ती काडीसारखी वाळली होती.

अकीलांनी पुन्हा पडद्यावर पाहिलं. नळ्या काठोकाठ भरलेल्या होत्या. बघता बघता त्या आवळल्या आणि रिकाम्या झाल्या. परत भरल्या. परत रिकाम्या झाल्या. मध्ये जरा थांबल्या, श्वास घ्यायला थांबावं तशा, आणि पुन्हा सुरू झाल्या.

अकीलांनी हात मागे घेतला. प्रणालीच्या छातीवर दुधाचा एक थेंबही नव्हता. चादर कोरडी होती.

"काहून रडून राह्यली वं?" इंदूबाईनं विचारलं.

प्रणालीनं हात कोपरात दुमडून, कुशीत बाळ घ्यावं तसा छातीशी धरला होता. तो तिनं हलवला नाही.

"माय, तो सारखा पिऊन राह्यला," ती म्हणाली, "पण त्याचं पोटच नाही भरत वं."