दारावरची पाटी

"बाबा, ही पाटी तुमच्या खोलीत कशी आली?"

केर काढता काढता अनघा थबकली. भिंतीवर पणजोबांची पगडी-तलवारीतली तसबीर होती. तिच्याखाली दोरीला लटकलेली एक लाकडी पाटी. वर जपानी अक्षरं आणि मधोमध कुंकवाचं बोट.

"आली नाही, सूनबाई. दिलीय," बाळासाहेब ऐटीत म्हणाले. "शेजारच्या मोरितानं. गेल्या रविवारी, तुम्ही बाहेर होता तेव्हा."

जपानात, उरायासूला लेकाकडे येऊन त्यांना महिना झाला होता. गावी ते निघाले की पारावरची माणसं उठून उभी राहत. सरदार घराणं! इथे कुत्रं विचारत नव्हतं. नात जुई तेवढी विचारायची, "आजोबा, सरदार काय करतो?"

"करतो काय? लोक त्याला मुजरा करतात."

पोरीला काही ते पटायचं नाही. आणि मग रविवारी ऐंशीचे मोरिता दारात आले, दोन्ही हातांत पाटी धरून कमरेतून वाकले. आपलं नाव इथवर पोचलं म्हणायचं! बाळासाहेबांनी पाटी एका हातानं घेतली होती.

"अहो बाबा, ही गोमीची, कचऱ्याची पाळी! पाटी ज्याच्या दारात, त्यानं आठवडाभर कचऱ्याची जागा झाडायची, कावळ्यांनी पिशव्या फोडू नयेत म्हणून जाळी टाकायची." अनघा रडकुंडीला आली. "कुणी तक्रार केली तर मालक करार वाढवणार नाही. सहा नकारांनंतर मिळालंय हे घर."

"आजोबांनी गोमीची पूजा केली!" जुई फिदीफिदी हसली.

बाळासाहेबांना काही उमजेना. "कचऱ्याची पाळी देताना इतकं कोण वाकतं?"

"इथे वाकतात."

"पण जागा तर रोज लख्ख होती. मी गॅलरीतून बघायचो ना. तो मोरिताच झाडायचा. मला बघून वाकायचा, मी वरून हात दाखवायचो. म्हटलं, या वयात बिचाऱ्यावर काय वेळ आली!"

"मोरितासानची पाळी रविवारीच संपली, बाबा."

खालून खराट्याचा आवाज येत होता. बाळासाहेब उठले आणि जिना उतरले.

मोरिता पिशव्यांवर जाळी ओढत होते. बाळासाहेबांनी खराट्यासाठी दोन्ही हात पुढे केले. बोलायला भाषा नव्हती. किती वाकायचं तेही ठाऊक नव्हतं. घराण्यात मुजरा घ्यायची रीत, करायची नव्हे. ते वाकले. मोरिता त्यांच्याहून खाली वाकले आणि खराटा त्यांच्या हातांत दिला.

घामाघूम होऊन ते वर आले, तेव्हा अनघा ओलं फडकं घेऊन पाटीवरचं कुंकू पुसायला निघाली होती.

"राहू दे, सूनबाई," बाळासाहेब म्हणाले. "चुकीच्या पाटीला नाही लावलेलं ते."