खुर्चीपुरती शांतता

केशवरावांचं घर पांढुर्ण्यातल्या कापसाच्या जिनिंग गिरणीच्या भिंतीला लागूनच. इंजिनीअर लेक भाग्यश्रीने बैठकीत कापूस भरलेले पॅनल लावले, तशी यंत्रांची किरकिर त्यांत जिरली. उरलेली खोल घरघर खुर्चीमागच्या स्पीकरने आवाजाच्या उलट्या लाटा सोडून पुसून टाकली.

"शांतता या खुर्चीपुरतीच हाय, बाबा. स्वयंपाकघरात गोंगाट तसाच."

केशवराव कान देऊन बसले. "रेडिओ कोणं लावला?"

"रेडिओ नाही. आई गाऊन राहिली. भाकरी थापताना रोजच गाते."

तीस वर्षांच्या संसारात केशवरावांनी हा गाता आवाज कधी ऐकला नव्हता. ते पुढं झुकून हळूच म्हणाले,

"हा स्पीकर चालू झाला म्हणून तिले सांगू नको. कोणी ऐकून राहिलं हे समजलं, तं ती गप होऊन जाईन."