नायकाची मुलगी

माझ्या दिवंगत नवऱ्याच्या जादुई कादंबऱ्यांचे चाहते दर वर्षी समुद्रकाठच्या आमच्या पेन्झन्स गावात जमतात. यंदा सगळे येऊ घातलेल्या नव्या चित्रपटावर चिडले होते, कारण त्यात नायकाला मुलगी दिली आहे.

"बाप राक्षस मारायला निघालाय आणि मागे ही केरेन्सा, शेपूट नुसती," मांत्रिकाचा झगा घातलेला जागो म्हणाला. "पुस्तकात एका ओळीतही नाही ती. मिसेस ट्रेगेन्झा, या अर्जावर तुमची सही असली की तिला कापतीलच."

कादंबरीचा जुना खर्डा निर्मात्यांना मीच पाठवला होता. सही न करताच मी पेन परत दिलं.

आमची केरेन्सा समुद्रात बुडाली त्या हिवाळ्यात नवऱ्याला तिचं नाव कागदावर बघवेना, म्हणून तिला वगळून चारशे पानं मीच पुन्हा टाइप केली होती.