दहावी हजेरी

विस्तार अधिकाऱ्यांनी धनगरवाड्यावरच्या शाळेतलं सगळं मोजलं. खोल्या दोन, फळे दोन, बाकं सात, पृथ्वीगोल एक, तोही दक्षिण ध्रुवापाशी चेपलेला. एकोणीसशे बासष्ट साली वाड्यावरच्या बायकांनी डोक्यावरून दगड आणून भिंती उभ्या केल्या होत्या. त्या बायकांसाठी तक्त्यात रकाना नव्हता.

"आता मुलं. दहाच्या खाली पट गेला की शाळा बंद, आणि मुलं ओढ्यापलीकडच्या शाळेत. माहितीये ना, गुरुजी?"

गुरुजींनी हजेरी सुरू केली. प्रत्येक नावाला 'हजर' येत गेलं. "रोहिणी झोरे," म्हणताच, आपली हजेरी आधीच दिलेली मंगल पुन्हा ओरडली, "हजर!"

"एका तोंडानं दोनदा? खिचडीपण दोनदा खातेस काय गं?" अधिकारी हसले.

"न्हाय, सर. ही रोहिणीची हजेरी हाय. श्रावणात तिला ओढ्यानं नेलं." मंगलचा आवाज एकदम खाली आला. "तिची आई पडवीत खिचडी करती, तिला ऐकू जातं. म्हणून मी मोठ्यानं देती."

पडवीत पातेलं ढवळण्याचा आवाज थांबला होता.

अधिकाऱ्यांनी उघडलेलं पेन तसंच हातात धरलं. "गुरुजी, मला डोकीच लिहावी लागतात हो," ते हळू म्हणाले.

गुरुजींनी पट्टी ठेवून रोहिणीच्या नावावर लाल रेघ ओढली. मग पुन्हा बेरीज केली.

पट नऊ.