निळ्या झाकणाचा डबा

डबा फ्रीझरमध्ये नव्हता. अनुष्काने मटारची पिशवी उचलली, नारळाच्या पाकिटांमागे हात खुपसला, बर्फ खरवडला. दह्याचा, निळ्या झाकणाचा तो डबा काल रात्री तिने स्वतः बेसमेंटमध्ये आणून ठेवला होता.

वर येऊन तिने आईला विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं. रत्ना दिवाणखान्यात हळदीकुंकवाची वाणं बांधत होती. मान वर न करता तिने सांगितलं की, हलव्याचे तीन डबे सकाळीच शेजारी गिरिजामावशीकडे पोचवले. तिच्याकडे दुपारी हळदीकुंकवाला चाळीस बायका यायच्या आहेत.

आपल्या लोकांच्या घरी दह्याच्या डब्यात दही सोडून सगळं असतं. गाजरहलवा असतो, चटणी असते, वाटण असतं. पण अनुष्काच्या डब्यात नगेट होता, पेपर टॉवेलमध्ये गुंडाळलेला.

नगेट म्हणजे मिस डोनेलींच्या पाचवीच्या वर्गाचा हॅमस्टर. वय सहा वर्षं. एवढं कुठलाही हॅमस्टर जगत नाही, हा चमत्कार आहे, असं मिस डोनेली दरवर्षी नव्या मुलांना डोळ्यांत पाणी आणून सांगत. लाँग वीकएंड आला की नगेट एकेका मुलाच्या घरी मुक्कामाला जाई. सगळ्यांकडे तो सुखरूप राहिला आणि अनुष्काकडे पहिल्याच रात्री मेला. पाय वर, तोंड उघडं, पिवळे दात बाहेर.

जानेवारीत एडिसन गावातली जमीन थंडीने दगड झालेली असते, त्यामुळे पुरायची सोय नव्हती. शिवाय तो तिला हवाच होता. उद्या बाबाला पटवून दुकानात जायचं, डाव्या कानावर तस्साच पांढरा ठिपका असलेला हॅमस्टर आणायचा आणि मंगळवारी गुपचूप पिंजऱ्यात सोडायचा, असा तिचा बेत होता. ठिपका ताडून बघायला मूळ प्रत हाताशी लागणार होती. नाहीतर जन्मभर ती शाळेत चमत्कार मारणारी मुलगी म्हणून ओळखली गेली असती. असला नीच विचार आजवर एकाही मुलाच्या डोक्यात आला नसेल, अशी तिची खात्री होती. तिला स्वतःचीच किळस येत होती.

पण चाळीस बायकांसमोर मावशीने तो डबा उघडला तर? तिने जॅकेट चढवलं आणि धावत सुटली.

दार मावशीच्या मुलाने, सिद्धेशने उघडलं. तो सहावीत, म्हणजे मागच्या वर्षी मिस डोनेलींच्याच वर्गात होता. अनुष्काने थाप मारली की आईने चुकून एक डबा जास्त दिलाय, तो परत हवाय.

"गराजच्या फ्रीझरमध्ये असेल. मी आणतो," सिद्धेश म्हणाला.

"नको, मीच बघते."

"ओके, पण तळाला हात लावू नकोस. देअर्स सम स्टफ ऑफ माइन." हे बोलताना तो तिच्याकडे बघतच नव्हता. तेवढ्यात मावशीने खुर्च्या मांडायला हाक मारली आणि त्याला जावं लागलं.

गराजमध्ये सुक्या बोंबलांचा असा काही वास कोंडला होता की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. फ्रीझर पेटीसारखा होता, वरून उघडायचा. वरच तीन निळी झाकणं होती. एकात हलवा, दुसऱ्यात हलवा, तिसऱ्यातही हलवाच.

म्हणजे यातला एखादा मावशीचा स्वतःचा असणार आणि नगेटचा डबा तिने खाली सरकवला असणार. तिने श्वास रोखून खाली हात घातला. एका डब्यात माशांची डोकी निघाली, पांढरे डोळे वटारलेली. दुसऱ्यात बकऱ्याचे पाय होते, खुरांपाशी केस तसेच. तिसऱ्यातलं करडं, केसाळ काहीतरी एकेकाळी इडलीचं पीठ असावं. त्यातलं थोडं तिच्या बोटांना चिकटलं. ती दोनदा ओकता ओकता राहिली.

अगदी तळाला, बोटभर बर्फाखाली, आणखी एक निळं झाकण होतं. सिद्धेशने लपवलेलं आइस्क्रीम असेल तर असो, आता रीतभात पाळायची वेळ नव्हती. तिने ते उचकटलं. आत बर्फाने पांढरी झालेली कागदाची गुंडाळी होती आणि तिच्यातून एक गुलाबी, ताठ झालेला इवलासा पाय बाहेर आला होता.

इतकी घाणेरडी गोष्ट बघून इतका आनंद तिला कधीच झाला नव्हता. तिने झाकण दाबलं, डबा जॅकेटमध्ये खुपसला आणि मागच्या दाराने घर गाठलं.

स्वयंपाकघरात रत्ना ओट्याशी उभी होती. एका हातात चमचा, दुसऱ्या हातात निळं झाकण.

"चौथा डबा आपल्यासाठी बाहेर काढला होता," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. "अनुष्का, हे काय आहे?"

ओट्यावरच्या डब्यात भिजलेल्या पेपर टॉवेलवर नगेट पडला होता. पाय वर, पिवळे दात बाहेर, डाव्या कानावर पांढरा ठिपका.

अनुष्काने जॅकेटमधला डबा काढून शेजारी ठेवला आणि त्याचं झाकण उघडलं. कागदावरचा बर्फ आता सुटत चालला होता. तो पेपर टॉवेल नव्हता. ती पाचवीची स्पेलिंगची टेस्ट होती, थँक्सगिव्हिंगच्या लाँग वीकएंडआधीची. वर कोपऱ्यात सिद्धेशचं नाव होतं. तिने नखाने कागद बाजूला केला.

डाव्या कानावर पांढरा ठिपका होता.